मास्तरांची गाडी पुढे

४ एप्रिल

दादा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज टाकला की वाचल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या उमटतात आणि पुढे शुकशुकाट. म्हणून म्हटलं, कागदावर लिहावं. कागद फेकायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

आम्ही यंदाही डोंगरात तळ्यावर जातोय. तंबू तेच, माणसं तीच: बेकरीकाका, तुझा वर्गमित्र दातवाला आणि त्याची बायको, आणि आम्ही घरचे. सगळे तंबू मी दुकानात आणून टाकलेत. पडद्यांची कामं बाजूला सारून सध्या नुसत्या शिवणी पक्क्या करत बसलेय. बेकरीकाकांच्या तंबूला उंदरांनी एवढं मोठं भोक पाडलंय, की ते म्हणाले, "राहू दे गं, खिडकी समज."

बाबांबद्दल तुला कोणी सांगितलं असेल, नसेल. मी सांगते. त्यांचं विसरणं आता चष्मा कुठे ठेवला इथवर राहिलेलं नाही. परवा ते दुकानात आले, माझ्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसले आणि मला अहो-जाहो करत विचारलं, "आमचे पडदे कधी देताय?" मला वाटलं, थट्टा करतायत. मीही म्हटलं, "गुरुवारी या." ते "बरं" म्हणून उठले आणि खरंच निघाले. रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर वळले आणि तिथूनच ओरडले, "अगं, जेवलीस का?" तेव्हा परत आलेले होते. असं त्यांचं येणं-जाणं चालू असतं.

डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, ती मात्र त्यांनी निमूट ऐकली. ऐकतील नाही तर काय? सगळ्या गावाला गाडी शिकवली, पण स्टिअरिंगवर ते स्वतः कितीसे बसले? त्यांची जागा शेजारची. आईला घेऊन निघाले तो दिवस सोडला, तर मी त्यांना त्याच जागेवर पाहिलंय. शिकवणीची ती जुनी गाडी अजून आहे, आणि शेजारच्या सीटसमोर त्यांच्या पायाशी तो दुसरा ब्रेकही आहे. त्या ब्रेकबद्दल डॉक्टरांना कोणी सांगितलेलं नाही.

गाडी माझा नवरा चालवेल. बाबा शेजारी बसतील. आणि नियम तोच: मास्तरांची गाडी पुढे. मागच्यांनी ओव्हरटेक करायचं नाही, नकाशा उघडायचा नाही, हॉर्न मारायचा नाही. सगळे त्यांचेच विद्यार्थी, मोडणार कोण? तूही कधी मोडला नव्हतास.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाबा तुझ्याबद्दल रोज विचारतात. "तो कधी येतोय?" असं, तू बाजारात गेलायस अशा आवाजात. भांडण त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलंय. तू बोलावलेली अँब्युलन्स, ती यायच्या आत त्यांनी आईला आपल्या गाडीत घालून निघणं, रेल्वेच्या फाटकापाशी अडकणं, यातलं काही नाही. दवाखान्याच्या दारात सगळ्यांसमोर तू त्यांना जे बोललास, तेही नाही. "चुकलो म्हणा, त्या दिवशी घरात पाय ठेवीन," असं म्हणून तू गेलास. दादा, ते वाक्य आता त्यांच्याकडून मिळायचं नाही. हट्टापायी म्हणशील, तर तेवढे ते उरलेत कुठे? ज्या गोष्टीबद्दल चुकलो म्हणायचं, ती गोष्टच त्यांच्याजवळ नाही. तुझं नाव आणि तुझा चेहरा अजून आहे. तो कुठवर राहील, ते डॉक्टर सांगत नाहीत. मी विचारलं की ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात.

तुझं गाव डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. तळ्यावर यायला आमच्यापेक्षा तुलाच जवळ. १९ तारखेला संध्याकाळपर्यंत आम्ही पोचू. २० तारखेला तू ये. घरात पाय ठेवू नकोस म्हणून तर तळ्यावर बोलावतेय. चहा घे, त्यांच्याशेजारी बस, वाटलं तर एक शब्द बोलू नकोस.

धाकटी


१९ एप्रिल, डोंगरातून

दादा,

तुझं "बघतो" निघायच्या आदल्या दिवशी फोनवर आलं. एवढाच एक शब्द. मी तो दातवाल्याला दाखवला, तर तो म्हणाला, "म्हणजे येतोय. नाही म्हणायला त्याला कधी लाज वाटलीये?" मग त्याने माझा फोन बायकोला दाखवला, बायकोने बेकरीकाकांना दाखवला, आणि तुझ्या एका शब्दावर सगळ्यांनी सामान भरलं. बेकरीकाकांनी तुझ्यासाठी वेगळा पाव भाजून घेतला, कडा करपलेला. "त्याला तसाच लागतो," म्हणाले. बाबांना मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दर वळणावर विचारत बसले असते.

हे मी तंबूत बसून लिहितेय. इथे फोनला रेंज नाही आणि पत्र टाकायला पेटी नाही. पण लिहून ठेवते, नाहीतर माझंच डोकं फुटेल.

आम्ही तळ्यावर नाही.

सकाळचा प्रवास छान झाला. बाबा मजेत होते. घाट लागला तशी माझ्या नवऱ्याची शिकवणी सुरू. "गिअर उतरव. इंजिन काय म्हणतंय ऐक. बायकोचं ऐकत नाहीस, निदान त्याचं तरी ऐक." मी मागे चिऊला घेऊन बसले होते. तू तिला पाहिलं तेव्हा ती पाळण्यात होती, आता शाळेत जाते आणि आजोबांचे सगळे शब्द पाठ करते. मागच्या काचेतून दातवाल्याची निळी गाडी आणि तिच्यामागे काकांची पावांची व्हॅन दिसत होती.

वर फाटा आहे ना, पत्र्याच्या बसथांब्यापाशी, तिथे माझ्या नवऱ्याने उजवीकडचा दिवा लावला आणि वळायला घेतलं. गाडी गचकन थांबली. बाबांनी त्यांचा ब्रेक दाबला होता.

"कुठे निघालास?"

"तळ्याकडे, मास्तर."

"मग डावीकडे घे."

"तळं उजवीकडे आहे ना?"

"गाडी कोण शिकवतंय?"

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आजवर ते ऐकलं की गाडीत हशा पिकायचा. या वेळी नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत बाबा वळले आणि माझ्याकडे बघून हसले. आपण बरोबर आहोत याची इतकी खात्री त्यांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. मी नवऱ्याला म्हटलं, "घे डावीकडे."

मागच्या काचेतून मी बघत होते. दातवाल्याचा आणि काकांचा, दोघांचेही उजवीकडचे दिवे लुकलुकत होते. आमची गाडी डावीकडे वळली. आधी दातवाल्याने दिवा बदलला, मग काकांनी. कोणी हॉर्न मारला नाही.

वाटलं, पुढे कुठेतरी वळायला जागा मिळेल, बाबांचं लक्ष दुसरीकडे जाईल. जागा मिळत होती आणि बाबांचं लक्ष रस्त्यावरच होतं. एका बंद पडलेल्या लाकूड-कारखान्यापाशी डांबर संपलं. पत्रे उडालेली शेड, गंजलेली करवत, भुशाचा ढीग आणि पुढे मोकळं मैदान. चारी बाजूंनी झाडं.

बाबा उतरले. टॉवेल खांद्यावर टाकून मैदानाच्या मधोमध गेले, कारण उतरल्यावर आधी पाण्यात पाय बुडवायचे ही त्यांची पद्धत. तिथे उभे राहिले. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"तळं कुठे गेलं?"

आम्ही सगळे आपापल्या गाडीच्या दाराला धरून उभे. मी दातवाल्याकडे बघतेय, तो काकांकडे. शेवटी काका घसा साफ करून म्हणाले, "आटलं वाटतं, मास्तर. पाऊस तरी कुठे झालाय धड."

"एवढं मोठं तळं?"

"हो ना," दातवाला म्हणाला. "आम्ही पण बघतच राहिलो."

मग चिऊ पुढे गेली. मला वाटलं, आता ही पोर सगळं बाहेर काढणार. तिने आजोबांचं बोट धरलं आणि म्हणाली, "बेडूकसुद्धा गेले, आजोबा. दुसऱ्या तळ्यात." दादा, आमच्या सगळ्यांत बेमालूम खोटं ती बोलली. कुठे शिकली, ते विचारायची गरज नाही.

बाबा खाली बसले. मूठभर माती उचलून त्यांनी चुरून पाहिली. "तुझ्या आईला मी इथे पोहायला शिकवलं होतं," मला म्हणाले. "किती खोल होतं." नंतर बराच वेळ ओंडक्यावर बसून होते, कोणी गेल्यावर बसतात तसे. आम्ही तंबू ठोकले. जिवंत तळं आम्ही मारून टाकलं होतं, आणि त्याचं दुःख एकटे ते करत होते.

आणि उद्या तू तळ्यावर येणार.


२० एप्रिल

दादा,

सकाळी मी दातवाल्याला शेडमागे गाठलं. म्हटलं, "तू एकटा खाली जा, तळ्यावर थांब, आणि दादा आला की त्याला इथे घेऊन ये." तो लगेच तयार झाला. बाबांनी विचारलंच तर पाणी आणायला जातोय म्हणायचं, असं ठरवून रिकामा कॅनही त्याने हातात घेतला.

त्याने गाडी सुरू केली, मागे घ्यायला लागला, आणि बाबा तंबूतून बाहेर आले. चढावर रिव्हर्स चाललेला पाहून त्यांच्या अंगात वारं शिरलं.

"थांब, थांब! मान कुठे आहे तुझी? आरशात काय बघतोस, तोंड बघायचंय का? मान वळव!"

दातवाल्याने मान वळवली.

"क्लच अर्ध्यावर. अर्ध्यावर म्हटलं मी. लोकांचे दात उपटतोस, हात एवढा जड कसा?"

गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली. बाबांनी त्याला ते रिव्हर्स पुन्हा करायला लावलं, मग आणखी पुन्हा. काका हातात चहा घेऊन बघायला आले, चिऊ टाळ्या वाजवायला लागली. बाबा मागे-मागे चालत, दोन्ही हातांनी खुणा करत, ओरडत, हसत होते. एकदाही अडखळले नाहीत. प्रत्येक शब्द जागच्या जागी. मी ओंडक्यावर बसून बघत राहिले. मला त्यांना थांबवायचं होतं आणि ते थांबू नयेत असंही वाटत होतं.

गाडी एकदाची नीट वळली. बाबांनी टपावर थाप मारली. "शाब्बास. कुठे जायचंय?"

"पाणी आणायला, मास्तर."

"चल मग. मी पुढे होतो." आणि ते आमच्या गाडीत आपल्या जागेवर जाऊन बसले. माझ्या नवऱ्याला हाक मारली, "ये रे, पाणी आणायला जायचंय. रस्ता मला ठाऊक आहे."

कुठलं पाणी आणि कुठला रस्ता, देव जाणे. दातवाला माझ्याकडे बघत राहिला. मी नुसती मान हलवली. त्याने इंजिन बंद केलं. "आहे पाणी, मास्तर," म्हणाला. "कॅन भरलेलाच होता. माझंच लक्ष नव्हतं."

तू म्हणशील, एका म्हाताऱ्या माणसासमोर तुम्ही सहा जण एवढे हतबल? मीही तेच म्हणाले असते, लांब असते तर. तू ये आणि त्यांना सांग, की तळं आटलेलं नाही, तुम्ही चुकलात. त्यांना ते कळेल, हेच तर वाईट आहे. तेवढं त्यांना अजून कळतं. मग ते आपल्या हाताकडे बघत बसतात, आणि दिवसभर कुठला दरवाजा कुठे उघडतो तेसुद्धा विचारून घेतात.

दुपारी मी आणि दातवाल्याची बायको मागचा डोंगर चढून गेलो. चढ उभा होता, वाट नव्हती, तिच्या चपलेचा अंगठा तुटला तर तिने ती काढून हातात घेतली. वर पोचलो आणि पलीकडे खाली तळं दिसलं. काठोकाठ भरलेलं.

काठावर एक पांढरी गाडी उभी होती.

माणूस दिसत होता, पण ठिपक्याएवढा. गाडीपासून पाण्यापर्यंत जायचा, परत यायचा. तूच होतास का? चालण्यावरून ओळखता येईल म्हणून मी डोळे ताणून बघितलं, पण इतक्या लांबून सगळी माणसं सारखीच चालतात. दातवाल्याची बायको म्हणाली, "तुझ्या दादाची गाडी पांढरी आहे का?" मला सांगता आलं नाही. तुझी गाडी कुठल्या रंगाची आहे, हे मला माहीत नाही, दादा.

आम्ही हाका मारल्या. मी तुझ्या नावाने, आणि ती बिचारी "ओ भाऊ, ओ भाऊ" करून. तिच्याजवळ स्टीलचा डबा होता, त्याचं झाकण उन्हात धरून तिने चमकवून पाहिलं. खाली उतरून जावं, तर त्या बाजूला सरळ कडा. तो माणूस गाडीच्या बॉनेटवर बसला. खूप वेळ बसून होता. एकदा त्याने वर पाहिल्यासारखं वाटलं. मग तो उठला, गाडी वळली आणि झाडांत गेली.

खाली आल्यावर बाबांनी विचारलं, "काय दिसलं वरून?"

"झाडं," मी म्हटलं.


२१ एप्रिल, पेट्रोल पंपावरून

दादा,

आम्ही परत निघालोय. काकांच्या व्हॅनचं टायर बसलं म्हणून पंपावर थांबलोय. सगळे तिकडे टायरभोवती गोळा झालेत. बाबा गाडीत आपल्या जागेवर आहेत, मी बाहेर दाराशी खुर्ची टाकून हे लिहितेय. लिहून झालं की तिन्ही पत्रं एकदमच टाकणार आहे.

इथे रेंज आली आणि तुझा मेसेज आला. मी उभ्या-उभ्या वाचला. बाबांनी खिडकीतून पाहिलं.

"काय आलंय? तोंड का उतरलं? मोठ्याने वाच."

"काही नाही, बाबा."

"वाच म्हटलं ना."

मी वाचला. का वाचला, माहीत नाही. दोन दिवस खोटं बोलून दमले होते म्हण.

"आलो होतो. काठावर चिटपाखरू नव्हतं. त्यांना माझ्यासमोर यायचं नव्हतं, एवढं कळलं. अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी आली होती, तिच्यात ऑक्सिजन होता. थांबले असते तर आई असती. एवढं एक वाक्य माणसाला इतकं जड जातं? आता मला बोलवत जाऊ नकोस."

बाबा शेवटपर्यंत मान किंचित तिरकी करून ऐकत होते, शिकाऊ माणसाचं इंजिन ऐकतात तसे.

"कोणाचं आहे?"

"आहे एक ओळखीचा मुलगा."

"बिचारा. काय झालं होतं? नीट सांग."

मी सांगितलं. आईला श्वास लागला तिथपासून फाटकापर्यंत. फक्त आई म्हटलं नाही, त्या मुलाची आई म्हटलं.

"बाप घाबरला," बाबा म्हणाले. "घाबरलेल्या माणसाने चावी हातात घेऊ नये. पहिल्या दिवशी शिकवतो मी हे. अँब्युलन्स येतेय म्हटल्यावर थांबायचं. चुकलंच त्याचं."

मी विचारलं, "थांबला असता तर ती वाचली असती का हो, बाबा?"

"ते कोण सांगणार? पण चुकलं ते चुकलं. त्या पोराला तेवढंच ऐकायचंय ना? मग बाप बोलत का नाही?"

"बापाला आठवत नाही."

बाबा एकदम चिडले. "आठवत नाही? बायको गेली आणि आठवत नाही? असा कसा माणूस?"

तिकडे चिऊ पंपवाल्याला हवा किती भरायची ते सांगत होती. बाबा तिच्याकडे बघत राहिले, राग हळूहळू उतरला. मग म्हणाले, "त्या पोराला फोन लाव. मी सांगतो त्याला. त्याचा बाप सांगत नसेल तर दुसऱ्या कोणीतरी सांगायला नको का? मलाही मुलगा आहे."

मी तुला फोन लावला. बाबांनी तो कानाला धरला आणि बसल्या-बसल्या शर्टाची कॉलर सारखी केली. रिंग वाजत राहिली. मला बाहेर ऐकू येत होती. वाजून-वाजून बंद झाली.

"उचलत नाही," ते म्हणाले. "कामात असेल."

मी म्हटलं, नंतर बघू. तर म्हणाले, "नंतर मी विसरेन गं."

टायर झालंय. नवरा गाडीकडे येतोय, मागे दातवाला आणि काका आपापल्या गाडीत बसून आमच्या निघण्याची वाट बघतायत. बाबा सीटवर सरळ बसलेत. माझ्या फोनसाठी हात पुढे केलाय आणि म्हणतायत, "पुन्हा लाव."

लावतेय, दादा.

धाकटी